दहावा माणूस

१८९७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात पहिली झायोनिस्ट परिषद भरली. जगभर विखुरलेल्या ज्यूंनी आपल्या प्राचीन भूमीत परत जावं आणि तिथे आपलं घर उभारावं, हा तिचा विचार. त्या परिषदेचं निमंत्रण मुंबईच्या बेने इस्रायल या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजालाही आलं होतं. समाजाने नकार कळवला. जेरुसलेमला परतायचं ते देवाच्या हाताने, त्याची वेळ आली म्हणजे, अशी त्यांची श्रद्धा होती. त्याच वर्षी हाईम सॅम्युएल केहीमकर या बेने इस्रायल गृहस्थांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. कोकणातली गावं, तेलाचे घाणे, सणवार, लग्नाच्या चालीरीती, पलटणीत मिळालेले हुद्दे, सगळं त्यात आहे. तो ग्रंथ छापून निघायला चाळीस वर्षं लागली. १९३७ साली तो प्रसिद्ध झाला तेल अवीवमध्ये. केहीमकर १९०९ मध्येच वारले होते.

पुस्तक गेलं, आणि मागोमाग माणसंही गेली. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली, आणि ज्या समाजाने पन्नास वर्षांपूर्वी ‘नको’ म्हटलं होतं त्यातली बहुसंख्य कुटुंबं पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत कोकण आणि मुंबई सोडून तिकडे गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतात ज्यूंची संख्या सव्वीस हजारांच्या आसपास होती; त्यात बगदादी आणि कोचीनचे ज्यूही आले, पण सर्वांत मोठा गट बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचा. १९७१ पर्यंत हा आकडा सहा हजारांच्या खाली आला. २०११ मध्ये तो साडेचार हजारांच्या जवळपास होता.

पनवेलच्या बाजारपेठेत बेथ एल सिनेगॉग उभं आहे. ते १८४९ साली बांधलं गेलं. पनवेलची नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली, म्हणजे नगरपालिकेचा कारभार सुरू व्हायच्या आधीपासून ही वास्तू इथे आहे. आसपास रिक्षा, हातगाड्या, कपड्यांची आणि भांड्यांची दुकानं, पळस्प्याकडे आणि उरणकडे जाणाऱ्या गाड्यांची वर्दळ. गावात इस्रायल तलाव म्हणून एक तलाव आहे. सिडकोच्या नव्या सेक्टरांत राहायला आलेल्या हजारो कुटुंबांना ही नावं रोज ऐकू येतात, पण ती कोणावरून पडली हे माहीत असलेली माणसं आता थोडी आहेत.

मला या समाजाची गोष्ट आज महत्त्वाची वाटते, कारण ‘जावं की राहावं’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या घराघरांत येऊन बसला आहे. २०२२ या एकाच वर्षात २ लाख २५ हजार ६२० जणांनी भारताचं नागरिकत्व सोडलं, असं सरकारने संसदेत सांगितलं. लागोसमधल्या नर्सला लंडनचं हॉस्पिटल दिसतं, पनवेलमधल्या इंजिनिअरला टोरांटो दिसतं, आणि दोघांच्या घरी रात्री तोच वाद होतो. या वादात आपण बहुतेक वेळा पगार, मुलांचं शिक्षण, म्हाताऱ्या आईबापांची सोय एवढ्याच गोष्टी तोलतो. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा इथल्या बेने इस्रायलांनी हे सगळं सत्तर वर्षांपूर्वी तोलून पाहिलं, आणि त्यांच्या अनुभवातून एक असं वजन समोर येतं ज्याकडे आपलं लक्ष जात नाही.

आधी हे पाहिलं पाहिजे की ही माणसं इथली किती होती. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी: फार प्राचीन काळी अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांना नवगावलाच पुरलं. तिथे आजही स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेल गाळायचा धंदा धरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून घेतली: रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, किहीमचे केहीमकर, दिव्याचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर.

धर्माचे ग्रंथ जवळ नव्हते, भाषाही हरवली होती. उरले होते शेमा या प्रार्थनेचे शब्द, सुंता, शनिवार, खाण्याचे नियम आणि सण. त्या सणांना त्यांनी मराठी नावं दिली. तिश्री या ज्यू महिन्याच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण. पुढे खिरीचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवशी घराचं दार लावून उपास करायचा, ती दारफाळणी, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. पुरीम म्हणजे होळीचा सण. जेरुसलेमचं मंदिर पाडलं त्याच्या शोकाचा दिवस बिरड्याचा सण, कारण त्या दिवशी घरात वालाचं बिरडं व्हायचं. एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करायचा: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. नवस फेडायचा, लग्न ठरलं, कोणी आजारातून उठलं, की मलिदा. अलिबागजवळ खंडाळ्याला एका कातळावरची खूण एलियाहूच्या रथाच्या चाकाची मानतात. ज्यू परंपरेप्रमाणे एलियाहू स्वर्गात गेला, आणि कोकणातल्या या समाजाच्या श्रद्धेप्रमाणे जाताना तो इथे टेकला.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कीर्तनही आपलंसं केलं. अब्राहाम, योसेफ यांची चरित्रं मराठी कीर्तनात, आर्या-साक्यांसह, टाळ वाजवत सांगायची, आणि श्रोते सिनेगॉगचे. वल्हांडणाच्या रात्री वाचायची हगादा १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात मराठीसह छापली गेली. मिसरातून सुटकेची कथा कोकणातली मुलं आपल्या बोलीत ऐकत होती. सुटका कशातून, असा प्रश्न त्यांना पडला असणार. कारण त्यांच्या स्वतःच्या आठवणीत छळणारा कोणी फरो नव्हता.

आणि खरोखर नव्हता. हा मुद्दा मी ठळकपणे सांगतो, कारण त्यावरच पुढचं सगळं उभं आहे. १९४९-५० मध्ये येमेनमधून सुमारे पन्नास हजार ज्यू विमानांनी इस्रायलला नेले गेले. १९५०-५१ मध्ये इराकमधून लाखाच्या वर ज्यू गेले. त्यांच्या मालमत्ता गोठवल्या गेल्या, नागरिकत्व काढून घेतलं गेलं. युरोपात काय झालं ते सांगायला नकोच. पनवेलच्या बेने इस्रायलाला यातलं काही सोसावं लागलं नाही. दारावर कोणी दगड मारला नाही, दुकान कोणी लुटलं नाही. स्वतंत्र भारताचं संविधान त्याला समान हक्क देत होतं. मुंबईत १९३७-३८ मध्ये याच समाजातले डॉ. ई. मोझेस महापौर होते. वरळी-महालक्ष्मीच्या रस्त्याला त्यांचं नाव आजही आहे. डॉ. जेरुशा झिराड लंडनला शिकून परत आल्या, कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, १९६६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. निस्सीम एझिकेल इंग्रजीत कविता लिहीत मुंबईतच राहिले. म्हणजे राहून मोठं होता येत होतं.

तेव्हा गेलेल्यांचा निर्णय भीतीपोटी झालेला नाही. तो तोलूनमापून झाला आहे, आणि म्हणूनच आपल्या आजच्या निर्णयाशी त्याचं नातं जुळतं.

समजा १९५५ सालचं पनवेलमधलं एक घर. हे घर मी कल्पनेने उभं करतो आहे, पण त्यातले प्रश्न त्या काळच्या समाजाचे आहेत. थोरला भाऊ मुंबईत रेल्वेच्या ऑफिसात कारकून. धाकटा मॅट्रिक होऊन घरी बसलेला. तेलाचा घाणा आजोबांच्या काळातच थांबला. गिरणीचं तेल स्वस्त. पलटणीत भरती व्हायची ती परंपरा आजोबांच्याही वडिलांबरोबर संपली. एके काळी बेने इस्रायल सुभेदारांची नावं गाजत होती. मग इंग्रजी शिकून रेल्वे, पोस्ट, कस्टम, हॉस्पिटल इथे नोकऱ्या धरल्या. इंग्रज गेल्यावर त्या नोकऱ्यांसाठी रांगा लांबल्या. घरात लग्नाच्या दोन मुली. मुंबईत ज्यूइश एजन्सीचं ऑफिस आहे, तिथे जाऊन आलेला एक नातेवाईक सांगतो की तिकिटाचा खर्च ते करतात, घर देतात, काम देतात, भाषा शिकवतात. १९५० च्या परतीच्या कायद्याप्रमाणे ज्यू माणूस तिथे पाऊल ठेवतो तो नागरिक म्हणूनच.

धाकटा म्हणतो, मी जातो. आई विचारते, तिथे काय खाशील? थोरला म्हणतो, पेन्शन बुडेल. वडील बराच वेळ बोलत नाहीत. त्यांनी आयुष्यभर प्रत्येक वल्हांडणाला ‘पुढच्या वर्षी जेरुसलेममध्ये’ असं म्हटलेलं आहे. जे म्हणायचं ते करायची वेळ आली आहे, आणि आपण पनवेलच्या ओटीवर बसून पेन्शनचा विचार करतो आहोत, हे त्यांना टोचतं. इथे धर्माची ओढ आणि पोटाची ओढ वेगळी काढता येत नाही. बाहेरचे लोक नंतर लिहितात की हे आर्थिक स्थलांतर होतं किंवा धार्मिक होतं. त्या ओटीवर दोन्ही एकाच वाक्यात बोललं जात होतं.

धाकटा जातो. मग दोन वर्षांनी एका बहिणीचं स्थळ तिकडचंच येतं. मग थोरल्याच्या मुलाला शिकायला कोणाकडे ठेवायचं हा प्रश्न पडतो, तर काका आहेत की तिकडे.

तिकडे काय होतं ते आता पाहू. पन्नासच्या दशकात इस्रायलमध्ये आलेल्यांना तात्पुरत्या छावण्यांत राहावं लागे: पत्र्याच्या खोल्या, तंबू, पाण्याला रांग. नंतर अनेक बेने इस्रायल कुटुंबं बीरशेबा, दिमोना, येरुहाम, किर्यात गात, लोद, अश्दोद अशा ठिकाणी वसवली गेली. कोकणच्या पावसात वाढलेला माणूस नेगेवच्या वाळवंटाच्या कडेला जाऊन राहिला. कारकुनी केलेल्याला बांधकामावर, रस्त्यावर, शेतावर काम मिळालं. भात दुर्मीळ. आणि ज्या देशात आपण सगळे एक, म्हणून आलो, तिथे कातडीचा रंग पाहिला जातो आहे अशी तक्रार त्यांनी उघडपणे केली.

१९५१ मध्ये बेने इस्रायलांच्या एका गटाने तेल अवीवमध्ये ज्यूइश एजन्सीच्या कार्यालयासमोर धरणं धरलं. मागणी एकच: आम्हाला भारतात परत पाठवा. जगभरातून ज्यू तिथे येत असताना, विमानांमागून विमानं उतरत असताना, ही मागणी त्या नव्या राष्ट्राला किती झोंबली असेल! पण धरणं हटलं नाही. सत्याग्रहाची रीत ही माणसं मुंबईहून शिकून गेली होती. शेवटी १९५२ मध्ये शंभराहून अधिक जणांना एजन्सीच्या खर्चाने मुंबईला परत आणण्यात आलं.

गोष्ट इथे संपली असती तर ‘आपलं ते आपलं’ म्हणून मोकळं होता आलं असतं. पण परत आलेल्यांपैकी बहुतेक जण काही काळाने पुन्हा इस्रायलला गेले. मी या प्रसंगावर बराच विचार केला आहे. कोणी याला धरसोड म्हटलं तरी मला ती धरसोड वाटत नाही. परत येऊन त्यांनी पाहिलं की सोडलेली खोली दुसऱ्याला गेली, नोकरी गेली, आणि मुख्य म्हणजे शेजारचे, नात्यातले आणखी दहा जण मधल्या काळात निघून गेले. ज्या घरी परत यायचं त्या घरातली माणसंच तिकडे. मग घर कुठे आहे?

दुसरा प्रसंग यापेक्षाही कठोर होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलमधल्या काही धर्मगुरूंनी बेने इस्रायल मुलामुलींची इतर ज्यूंशी लग्नं लावायला नकार दिला. हे लोक शेकडो वर्षं एकटे पडले होते. घटस्फोटाचे, विधवेच्या पुनर्विवाहाचे ज्यू नियम त्यांना माहीत नव्हते. मग त्यांची वंशशुद्धी कशी मानायची, असा आक्षेप. फेब्रुवारी १९६२ मध्ये मुख्य रब्बी यित्झाक निस्सीम यांनी आदेश काढला: बेने इस्रायल व्यक्तीचं लग्न लावण्यापूर्वी तिची आई, आजी, पणजी अशी जमेल तितकी मागची चौकशी करावी. पनवेलमध्ये ज्यांच्या ज्यूपणावर कोणी कधी शंका घेतली नव्हती, त्यांना ज्यूंच्या देशात ज्यूपणाचा दाखला मागितला गेला. गावच्या लोकांनी त्यांना शनवार तेली म्हटलं तेव्हा त्यातच त्यांचा धर्म मान्य केलेला होता.

समाज पुन्हा उठला. मोर्चे निघाले, मुंबईतूनही निषेध झाला, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकामुलांसह धरणं झालं. शेवटी पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला दखल घ्यावी लागली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत आणि त्यांना तेच सर्व हक्क आहेत. त्यानंतर मुख्य रब्बींच्या आदेशातून बेने इस्रायलांचं नाव काढलं गेलं. आपली ओळख संसदेच्या ठरावाने सिद्ध करून घ्यावी लागणं, यातलं दुःख परदेशात नाव उच्चारून दाखवताना, शाळेच्या फॉर्मवर ‘मूळ’ लिहिताना आजच्या स्थलांतरितालाही थोडंथोडं भोगावं लागतं. त्यांनी ते सगळं एकदम भोगलं आणि लढून संपवलं. या लढ्याबद्दल मराठी माणसांना अभिमान वाटायला हवा. आपल्याकडे तो फारसा कोणाला माहीतही नाही.

आता राहिलेल्यांकडे वळतो. मघाशी म्हटलेलं वजन इथे सापडतं.

ज्यू धर्माच्या पारंपरिक नियमाप्रमाणे सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. दहा असले की सेफेर तोरा, म्हणजे हाताने लिहिलेला धर्मग्रंथ, पेटीतून काढून सर्वांसमोर वाचता येतो. दहा असले की मृतासाठी कद्दीश ही प्रार्थना म्हणता येते. नऊ असले तर नाही. नऊ जण कितीही श्रद्धावान असोत, एखाद्याला सगळा ग्रंथ मुखोद्गत असो, दहावा नसेल तर सगळे आपापली प्रार्थना करून घरी जातात.

पनवेलसारख्या गावात एक कुटुंब गेलं की बाप आणि दोन मुलगे मिळून तीन पुरुष कमी होतात. वीस होते, सतरा झाले, अजून चालतं. चौदा झाले; सणाला चालतं, एरवी कोणी आजारी पडलं की अडतं. अकरा झाले, आणि आता प्रत्येकाच्या गैरहजेरीचा हिशोब लागतो. मग एखादं कुटुंब जायचं ठरवतं, त्या वेळी ते आपल्यापुरतं ठरवत नाही. मागे राहिलेल्या आठ-नऊ जणांचा निर्णयही तेच करून टाकतं. त्यांना जायचं नसलं तरी आता राहण्याचा अर्थ बदललेला असतो. पूर्वी राहणं म्हणजे आपल्या लोकांत राहणं होतं. आता राहणं म्हणजे एकटं राहणं.

लग्नाचं गणितही तसंच. छोट्या समाजात वीस-बावीस वर्षांची मुलगी स्थळ शोधते तेव्हा तिच्यासमोर पाच-सहा मुलगे असतात. त्यातले चार तिकडे गेले की तिनेही जायचं, नाहीतर समाजाबाहेर लग्न करायचं, नाहीतर थांबायचं. प्रार्थना चालवणारा हाझान मिळेना. मांस धर्माप्रमाणे कापणारा मिळेना. शेवटच्या काळात काही गावांतली सिनेगॉगं फक्त सणाला उघडायची, मग पाहुणे आले तर. रेवदंड्याचं १८४२ चं, अलिबागचं १८४८ चं, पेणचं १८६३ चं: या वास्तू कोकणच्या दमट हवेत टिकून आहेत, आणि त्यांची निगा राखणं मूठभर कुटुंबांवर आणि मुंबई-ठाण्याहून येणाऱ्या वर्गणीवर आलं आहे.

२६ जुलै २००५ चा पाऊस पनवेलकर विसरलेले नाहीत. गाढी नदीचं पाणी शहरात घुसलं, आणि बेथ एलमध्येही. हाताने चामड्यावर लिहिलेले सेफेर तोरा भिजले. धर्माप्रमाणे खराब झालेली तोरा टाकून देत नाहीत, माणसासारखी दफन करतात. पूर ओसरल्यावर चिखल काढणं, ग्रंथ पुरणं, वास्तू पुन्हा उभी करणं, हे सगळं करायला माणसं लागतात, आणि जी होती ती वयाने मोठी. सिनेगॉग पुन्हा उघडलं. या कामाची किंमत कोणत्या हिशोबात धरायची? परदेशी जाणाऱ्याने पाठवलेल्या पैशाचे आकडे रिझर्व्ह बँक मोजते. राहिलेल्याने गावात काय राखलं, ते कोणी मोजत नाही.

मी गेलेल्यांना दोष देत नाही. जाणाऱ्याने जायला हवं होतं असं मला वाटतं, निदान त्यातल्या बहुतेकांनी. त्यांनी तिकडे जे उभं केलं ते लहान नाही. बीरशेबा आणि दिमोनाच्या भागात भारतीय किराणा मिळतो. रामला, लोद इथे भारतीय मिठाया, मसाले विकणारी दुकानं आहेत. मलिदा तिकडेही होतो, पोहे इकडून जातात. इस्रायलच्या क्रिकेट संघात भारतीय वंशाचे ज्यू खेळाडू दीर्घकाळ राहिले आहेत. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघत आलं, नोहा मस्सील यांनी ते दीर्घकाळ चालवलं. १ मे रोजी महाराष्ट्र दिन साजरा करणारी मंडळं तिकडे आहेत. भारतीय वकिलातीच्या अंदाजाने भारतीय वंशाच्या ज्यूंची संख्या तिथे पंच्याऐंशी हजारांच्या घरात आहे, त्यातले बहुसंख्य बेने इस्रायल. म्हणजे मराठी येणारी किंवा आजीकडून ऐकलेली माणसं आज रायगड जिल्ह्यातल्या त्यांच्या जुन्या गावांपेक्षा नेगेवच्या गावांत अधिक आहेत.

पण तिसऱ्या पिढीत मराठी विरते. नातवंडं हिब्रू बोलतात, सैन्यात जातात, ज्या मुलांशी लग्न करतात ती मोरोक्कोच्या किंवा इराकच्या किंवा पोलंडच्या घरची असतात. त्यात वाईट काही नाही. ‘इतरांशी लग्न’ हाच तर १९६४ चा लढा होता, तो जिंकल्याचं हे फळ आहे. फक्त लढणाऱ्यांच्या मनात दोन्ही होतं, सर्वांत मिसळणं आणि आपलं राखणं, आणि त्यातलं एकच पूर्ण झालं.

आज तोलायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. ठाणे, मुंबई, नवी मुंबई इथे राहणाऱ्या बेने इस्रायल घरातल्या अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला अजूनही परतीच्या कायद्याचा दरवाजा उघडा आहे. पलीकडे सक्तीची सैनिकी सेवा आहे, मुलींनाही. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हल्ल्यानंतर त्या सेवेचा अर्थ काय हे कोणाला समजावून सांगायला नको. इकडे महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. शिक्षणसंस्था, विवाहनोंदणी, जनगणनेतली स्वतंत्र ओळख यांसाठी तो उपयोगी आहे. आणि २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईतल्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला तेव्हापासून सिनेगॉगच्या दारात पोलीस असतात. ‘इथे आम्हाला कधी भीती वाटली नाही’ हे वाक्य त्या रात्रीनंतर म्हणायला जड जातं. हल्लेखोर बाहेरून आलेले होते, हे खरं असलं तरी.

याच काळात इस्रायलला जाणाऱ्या मराठी माणसांचा एक अगदी वेगळा ओघ सुरू झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात औंधच्या आयटीआयमध्ये इस्रायलसाठी बांधकाम कामगारांच्या चाचण्या झाल्या: फरशी बसवणारे, प्लास्टर करणारे, सळई बांधणारे. युद्धाच्या छायेतल्या देशात, महिन्याला लाखाच्या वर पगाराच्या आशेने. त्या रांगेतल्या तरुणाचा परतीच्या कायद्याशी संबंध नाही, तो करारावर जातो, करार संपला की यायचं. आजारी वृद्धांची सेवा करणाऱ्या भारतीय स्त्रियाही तिकडे हजारोंनी आहेत. नागरिक म्हणून गेलेल्या बेने इस्रायलाने पन्नासच्या दशकात रस्ते बांधले, आणि आता त्याच्या नातवाच्या घराची फरशी विदर्भातला मुलगा बसवतो. त्यांची भेट होत असेल तेव्हा दोघांपैकी कोणाला मराठी सुचतं, हे मला जाणून घ्यायला फार आवडेल.

शेजारच्या गोव्यात जाण्याचं आणखी निराळं रूप आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं, आणि हजारो घरांनी ते नोंदवलं. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही, त्यामुळे लिस्बनचा पासपोर्ट घेतला की भारतीय पासपोर्ट जातो. साळसेतच्या गावांत बंद घरं दिसतात. तिथेही चर्चच्या गायनवृंदात आवाज कमी पडतात, गावच्या सणाला तियात्र करायला तरुण मिळत नाहीत. नियम दहाचा नाही, पण हिशोब तोच.

बेने इस्रायलांच्या बाबतीत या हिशोबात अलीकडे एक नवी रक्कम आली आहे. २९ जानेवारी १९९२ ला भारत आणि इस्रायल यांच्यात पूर्ण राजनैतिक संबंध सुरू झाले. त्याआधी चार दशकं मुंबईत फक्त वाणिज्य दूतावास होता, आणि जाणं-येणं, पत्रं, भेटी सगळ्यालाच अडचण होती. पन्नास-साठच्या दशकात गेलेल्यांसाठी जाणं म्हणजे आईबापांचं पुन्हा दर्शन होईल की नाही याची शाश्वती नसणं. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचं ओसीआय कार्ड आल्यावरही एक अडसर राहिला: परदेशी सैन्यात सेवा केलेल्याला ते मिळवणं अवघड, आणि इस्रायलमध्ये तर सेवा सर्वांनाच सक्तीची. जुलै २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी तेल अवीवला गेले तेव्हा तिथल्या भारतीय समाजासमोर त्यांनी जाहीर केलं की सक्तीची सेवा केलेल्यांनाही ओसीआय मिळेल. सभागृहात टाळ्या पडल्या. ज्यांनी १९५१ मध्ये परत पाठवा म्हणून धरणं धरलं होतं त्यांच्या मुलानातवंडांना आता हवं तेव्हा यायची, राहायची, घर घ्यायची मुभा मिळाली.

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेलच्या बाजारपेठेपासून तो फार दूर नाही. हिवाळ्यात इस्रायलहून येणारी कुटुंबं नवगावचं स्मारक, खंडाळ्याचा कातळ, अलिबागची इस्रायल आळी पाहायला रायगडात उतरतात. आजी-आजोबांच्या गावाचं नाव कागदावर लिहून आणलेलं असतं. काही जण शनिवार धरून येतात, सिनेगॉगमध्ये बसता यावं म्हणून. त्यांच्यातले काही निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने इकडे राहण्याचा विचार करतात. त्यांची मुलं ‘तिथे आजारी पडलात तर काय’ म्हणून विचारतात. हा प्रश्न उलट्या दिशेने याच घरांत पूर्वी विचारला गेला होता. अशाने रायगडातले मोहल्ले पुन्हा भरणार नाहीत, शाळेत मुलं येणार नाहीत, लग्नं जमणार नाहीत. पण नियमात माणूस कोणत्या देशाचा नागरिक आहे हे विचारलेलं नाही. तेरा वर्षांवरचा ज्यू पुरुष हवा, एवढंच. शनिवारी सकाळी बेथ एलमध्ये नऊ जण जमले असतील आणि बीरशेबाहून आलेला एक पाहुणा दारातून आत आला, तर पेटी उघडता येते.